रोज दहा झडत्या

जेवणाच्या सुट्टीत निवड विभागातल्या बाया डबे उघडायच्या आधी फळ्याकडे बघायच्या. कँटीनच्या दाराशी टांगलेला तो पांढरा फळा कंपनीने पारदर्शकतेसाठी लावला होता. आदल्या संध्याकाळी गेटवर ज्यांची झडती झाली, त्यांचे टोकन नंबर त्यावर लिहिलेले असत. नाव नसे. पण वर्षानुवर्षे मांडीला मांडी लावून बी निवडणाऱ्या बायांना एकमेकींचे नंबर तोंडपाठ होते. एकशे चौदा म्हणजे गिरिजाबाई, हे सांगायला नाव लागत नव्हतं.

"आलं का गं एकशे चौदा?" पुष्पाबाई भाकरी मोडता मोडता विचारायची.

"आलं की."

"मंग रोज लिहायचे कष्ट कामून घ्यायचे? पेंटर बोलवून पक्कं रंगवून टाका म्हणावं."

बाया हसायच्या. सुरुवातीला गिरिजाबाईही हसायची.

कंपनी बियाण्यांची, जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतली. मिरची, टोमॅटो, टरबूज यांचं संकरित बी तिथे साफ होऊन पाकिटबंद व्हायचं. हे बी वजनाला हलकं आणि भावाला जड. पदराच्या टोकाला मूठभर बांधून नेलं तरी कंपनीला दुखायचं, म्हणून संध्याकाळी गेटवर झडती. पूर्वी पहारेकरी चेहरे बघून बाया बाजूला काढायचे. त्यावरून तक्रारी झाल्या आणि मागच्या वर्षी यंत्र आलं. खांबाला बसवलेली एक डबी, तिला एक बटण. दाबलं की हिरवं लागलं तर घरी, लाल लागलं तर पडद्याआडच्या खोलीत. यंत्र बसवलं त्या दिवशी कामगार अधिकारी रामप्रसाद यांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं होतं, "यंत्राला जात नसते, गाव नसतं, नातं नसतं. विसात एक लाल लागणार, कुणावरही." टाळ्या पडल्या. गिरिजाबाईने जरा जोरातच वाजवल्या होत्या.

तिची मुलगी मोनाली त्याच कंपनीत उगवण प्रयोगशाळेत होती. संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेली. ओल्या कागदावर बी मांडायचं, किती उगवलं ते मोजायचं आणि त्या मोजणीवरून अख्ख्या लॉटचं भविष्य सांगायचं, हे तिचं काम. प्रयोगशाळेतली माणसं पुढच्या दाराने ये-जा करायची. तिथे बटण नव्हतं. मायलेकी बदनापूरजवळच्या एकाच घरातून निघायच्या. माय कंपनीच्या गाडीने, लेक स्कूटीवर. आणि कंपनीत दोन वेगळ्या दारांनी शिरायच्या.

गिरिजाबाईचं हसणं थांबलं ते दुर्गाबाई मुकादम निवृत्त व्हायची वेळ आली तेव्हा. तिच्या मागे गिरिजाबाईचाच नंबर, हे सगळा विभाग धरून चालला होता. सुपरवायझरने मात्र तिला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, फळ्यावरून तुमचा नंबर जरा हटू द्या. मग बघू." त्याच रविवारी विहारात वंदना झाल्यावर गावातली एक बाई चपला घालता घालता म्हणाली, "गिरिजाबाई, मिरचीचं बी असंल तं द्या की थोडं, परसात लावते." बोलणाऱ्या बाईला तो विनोद वाटला होता. गिरिजाबाई घरी येऊन जेवली नाही.

"अकरा साल झाले," ती मोनालीला म्हणाली. "एक दाणा नखात अडकला तं परत जाऊन टोपल्यात टाकते मी. अन् आता गावात माझं हे नाव."

"यंत्र हाय माय ते. योगायोगानं पडतं."

"मंग योगायोग माझ्याच मागं कामून लागला?"

दुसऱ्या दिवसापासून मोनाली चहाच्या वेळी खाली येऊन फळ्याचा फोटो काढू लागली. कुणी विचारलं तर सांगायची, उगीच. साठ कामाचे दिवस तिने हे केलं. मग एका रविवारी मोबाइल घेऊन ती स्वयंपाकघरात मायजवळ बसली.

निवड विभागात दोनशे बाया होत्या. अंबड रस्त्याच्या गाडीत पन्नास, भोकरदन रस्त्याच्या गाडीत पन्नास, शहरातून पायी येणाऱ्या साठ आणि बदनापूरच्या गाडीत चाळीस. बदनापूरच्या गाडीत वस्त्यांवरच्या बौद्ध बाया जास्त, बाकीच्या गाड्यांत शेतीवाल्या घरच्या. हे कंपनीत सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलून दाखवत नव्हतं. साठ दिवसांत सहाशे झडत्या झाल्या होत्या. बदनापूरची गाडी म्हणजे बायांचा पाचवा हिस्सा, तेव्हा तिच्या वाट्याला एकशे वीस यायला हव्या होत्या. आल्या होत्या दोनशे सेहेचाळीस. बाकी तिन्ही ठिकाणी हव्या त्याहून कमी.

"ऐक माय," मोनाली म्हणाली. "यंत्र आंधळं असंल, तं गाडीत जितक्या बाया तितक्याच मानानं लाल पडंल. थोडं मागंपुढं होणार, ते चालतं. हव्या होत्या किती अन् आल्या किती, यातला फरक काढायचा, त्याचा वर्ग करायचा, हव्या होत्या त्या आकड्यानं भागायचा. चारी ठिकाणचं असं काढून बेरीज करायची. काय-वर्ग चाचणी म्हणतात तिला. बेरीज एका हद्दीच्या आत राह्यली तं योगायोग. हद्दीच्या लई वर गेली तं योगायोग न्हाई."

"हद्द किती?"

"ह्या हिशोबात पावणेआठच्या जराशी वर."

"अन् आपली बेरीज?"

"एकशे सहासष्ट."

गिरिजाबाई परातीत भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "मंग मी चोर न्हाई, हे निघालं का त्यात?"

"तुझा नंबर योगायोगानं येत न्हाई, हे निघालं. तीनदा यायला पाह्यजे होता, तो सतरादा आला."

"मी ते न्हाई इचारलं."

"एकच हाय ते माय."

गिरिजाबाईने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. "तुला एकच वाटत असंल," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "आधी अक्षीला इचार. रोज गेटवर तीच असती. तिला काहीतरी ठाऊक असंल."

अक्षी म्हणजे अक्षता, गिरिजाबाईच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. बायांच्या गेटवर पहाऱ्याला होती. दोन वर्षांपूर्वी गिरिजाबाईनेच शब्द टाकून तिला ठेकेदाराकडे चिकटवलं होतं. पडद्याआड मावशीची झडती घेताना ती "मावशे, हात वर कर" म्हणायची आणि स्वतःच खुदकन हसायची.

"आधी कुणाला सांगितलं तं आकडे बदलतील," मोनाली म्हणाली. "मोजणी बिघडते." प्रयोगशाळेत ती असंच वागायची. ट्रे उघडून मध्येच कुणाला बघू द्यायची नाही. तिने अक्षताला विचारलं नाही.

रामप्रसाद यांनी तिचे दोन कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. माणूस वाईट नव्हता. आवाज चढवत नसे, खालच्यांनाही अहोजाहो करी.

"म्हणजे यंत्राचं सेटिंग बिघडलंय असं तुमचं म्हणणं?"

"बिघडलंय किंवा बिघडवलंय. कुठलं, ते चाचणी सांगत नाही. पण योगायोग नाही, एवढं नक्की."

"तुमच्या आई याच विभागात आहेत ना?"

"हो. म्हणूनच आकडे तुम्ही स्वतः तपासावेत. फळा तुमचाच आहे."

त्यांनी मान डोलावली. दोन दिवसांनी यंत्र बसवणाऱ्या एजन्सीचा माणूस संभाजीनगरहून आला. त्याने दुपारभर बटण दाबलं आणि संध्याकाळी मोनालीला ऑफिसात बोलावणं आलं. यंत्र ठणठणीत होतं. विसात एक म्हणजे विसात एक. फक्त त्याच्यासोबत एक छोटं रिमोट येतं, असं तो म्हणाला. एखाद्या बाईचा खरंच संशय आला तर पहारेकऱ्याने खिशातल्या खिशात दाबायचं, म्हणजे लाल लागतं. दुसऱ्या बटणाने सगळं हिरवं.

"मला कल्पना होती," रामप्रसाद म्हणाले. "पण त्याचा असा वापर होत असेल असं वाटलं नाही."

"सर, अजून एक," मोनाली म्हणाली. "कागदावर खाली लिहिलंय. यंत्र रोज सरासरी दहा देईल. रोज दहा देणार नाही. कधी सहा, कधी चौदा. साठ दिवस रोज बरोबर दहा, एक कमी नाही की एक जास्त नाही. हे तर वरच्या आकड्याहून अशक्य आहे. पहिला हिशोब फारच जुळत नाही आणि हा फारच जुळतो. दोन्हीकडे माणसाचा हात आहे."

"ते सूचनेप्रमाणे आहे," रामप्रसाद शांतपणे म्हणाले. "मुख्य कार्यालयाला रोज दहाचा आकडा जातो. कमी झाल्या तर ढिलाई दिसते, जास्त झाल्या तर गाड्यांना उशीर होतो. मीच ठरवून दिलंय."

"मग यंत्र कशाला, सर?"

"निःपक्षपातीपणासाठी."

ते चेष्टा करत नव्हते. मोनालीने त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तिच्या लक्षात आलं की या माणसाला यात काही विसंगत दिसतच नाही. त्यांना नशीबही हवं होतं आणि ते रोज दहाच्या भावाने हवं होतं.

अक्षताला बोलावलं. ती टोपी काखेत धरून उभी राहिली. मोनालीला बघून आधी हसली, मग टेबलावरचं रिमोट दिसल्यावर हसू आवरलं.

"हे कोण दाबतं?"

"मीच दाबते सर. दहा पुऱ्या करायच्या असतात. दहा झाल्या की पुढं हिरवं. तुम्हीच सांगितलं व्हतं."

"दहा पूर्ण करायला सांगितलं होतं. बदनापूरच्याच गाडीतून करायला कोणी सांगितलं?"

"कोणी न्हाई." अक्षताने टोपी या काखेतून त्या काखेत घेतली. "सर, दुसऱ्या गाडीच्या बाईला लाल केलं तं पडद्यापातुर यीस्तोवर दहा गोष्टी ऐकवती. कुणाचा नवरा येतो गेटवर, कुणी सरपंचाला फोन लावती. मागं एकीनं माझा हात झटकला, तव्हा तुम्हीच म्हणले, वाद नको. आपल्या बाया मुकाट आत येतात. अन् मावशी तं घरचीच. ती बिलकुल राग धरत न्हाई."

रामप्रसाद यांनी काहीतरी लिहिलं आणि पेनाचं टोपण लावलं.

"म्हणजे यंत्र निर्दोष आहे," ते म्हणाले.

"सर, पण दहाची सूचना..."

"तो धोरणाचा भाग आहे, मॅडम. तुमचा अभ्यास उत्तम आहे. मी वर कळवेन."

बाहेर व्हरांड्यात अक्षताने तिला गाठलं. ती रडत नव्हती. "मोनाताई, येवढी मोठी तुझी एमेस्सी, त्यात माझीच नोकरी घावली का?"

"मला माहीत नव्हतं तू आहेस ते."

"न्हाई ना माहीत? मंग घरी यून इचारायचं. चहा पाजला असता अन् सांगितलंबी असतं. मावशीला लाल करायचं सोड, म्हणली असतीस तं सोडलं असतं. दुसरी धरली असती."

"दुसरी कोण?"

"कोणीबी. आपल्यातलीच," अक्षता म्हणाली आणि टोपी डोक्यावर घालून गेली. ती टोपी तिने संध्याकाळी जमा केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फळ्यावर नंबरांच्या वर एक छापील कागद चिकटवलेला होता. झडतीच्या यंत्राची तांत्रिक तपासणी झाली असून ते पूर्णपणे निर्दोष आढळले आहे. काही कामगारांची निवड यंत्राने न होता सुरक्षा कर्मचाऱ्याकडून जाणीवपूर्वक झाल्याचे संख्याशास्त्रीय अभ्यासात सिद्ध झाले आहे. संबंधित कर्मचाऱ्यास कामावरून कमी केले आहे. खाली सही.

मोनाली त्या दिवशी डबा घेऊन मुद्दाम खाली आली. मायच्या शेजारी बसावं, बाया काय म्हणतात ते ऐकावं, असं तिच्या मनात होतं. तिने तो कागद पुन्हा वाचला तेव्हाही त्यात काही खोटं सापडलं नाही. बाया गटागटाने वाचून येत होत्या आणि आपापल्या जागी बसत होत्या. पुष्पाबाईने डबा उघडला, पण नेहमीचा प्रश्न विचारला नाही.

"बोला ना पुष्पामावशी," मोनालीच म्हणाली. "आज पेंटर न्हाई का बोलवायचा?"

"न्हाई बाई." पुष्पाबाईने चटणीवर तेल सोडलं. "तव्हा हसण्यावारी नेलं. आम्ही म्हणलो, मशीन हाय, कुणावरबी पडंल, आज हिच्यावर, उद्या माझ्यावर. आता लिहूनच आलं, मशीन न्हाई, माणूस निवडत व्हतं. अन् माणूस कोण? सख्ख्या बहिणीची पोर." तिने आवाज वाढवला नव्हता. उलट खाली आणला होता. "घरचीला घरचं ठाऊक असतंय."

"तसं न्हाई ते. भांडण नको म्हणून ती आपल्या गाडीच्या बाया घेत होती. तिनं स्वतः सांगितलं सायबासमोर."

"असंल. तू शिकलेली. पर चाळीस बाया हायत त्या गाडीत. हिलाच सतरा बारी कामून?"

मोनालीचा घास हातात राहिला. फळा रोज पुसला जायचा. साठ दिवसांची बेरीज कंपनीत दुसऱ्या कुणीच केली नव्हती. सतरा हा आकडा माय सोडली तर फक्त रामप्रसाद यांना दिलेल्या तिच्या कागदावर होता.

गिरिजाबाई जेवत होती. तिने मान वर केली नाही. डबा संपवला, धुतला आणि बाकीच्यांच्या आधी उठून कामावर गेली.

पुढचं सगळं महिनाभरात उरकलं. अक्षताच्या आईने बहिणीशी बोलणं टाकलं. विहारात ती पलीकडच्या बाजूला बसू लागली. मुकादमकी पुष्पाबाईला मिळाली. रिमोट रामप्रसाद यांच्या टेबलाच्या खणात कुलूपबंद झालं. दहाचा नियम मात्र राहिला आणि आता तो लेखी झाला. यंत्रावर दहा पुऱ्या न झाल्यास उरलेल्या झडत्या सर्वांत शेवटी सुटणाऱ्या गाडीतून घ्याव्यात, म्हणजे कुणाच्या मर्जीचा प्रश्न राहणार नाही. शेवटी सुटणारी गाडी बदनापूरची. हे पत्रक मोनालीच्या टेबलावर माहितीसाठी आलं, तेव्हा त्यावर रामप्रसाद यांनी शाईने लिहिलं होतं, आपल्या सूचनेबद्दल आभार.

घरी गिरिजाबाई बोलायची, पण कामापुरतं. मीठ दे, दार लाव. मोनालीने दोनदा विषय काढला. एकदा "मी नवीन अर्ज करते" म्हणाली. गिरिजाबाई म्हणाली, "नको. राह्यलेलं असू दे."

एका संध्याकाळी मोनालीची स्कूटी पंक्चर झाली. मायसोबत गाडीने जावं म्हणून ती पहिल्यांदाच बायांच्या गेटवर येऊन थांबली. रांग सरकत होती. नवी पहारेकरीण शीतल स्टुलावर बसून होती. बाया बटण दाबत होत्या, हिरवं लागत होतं आणि त्या बघतही नव्हत्या. बदनापूरची गाडी सुरू करून ड्रायव्हर वाट बघत होता.

गिरिजाबाईचा नंबर आला. तिने बटण दाबलं. हिरवं लागलं.

ती पुढे गाडीकडे गेली नाही. डावीकडे वळली आणि पडद्याच्या खोलीत शिरली.

शीतल उठली, पण तिला हे नवीन नसावं. "मावशी, हिरवं हाय ना. जावा की."

"पडदा सार," गिरिजाबाई म्हणाली. "लावू नको, सार. दिसू दे समद्यांना." तिने पिशवी उलटी केली. डबा, चष्म्याचं घर, औषधाची पट्टी. पदर झटकला. ओच्याचं टोक सोडून दाखवलं. शीतलने उरकल्यासारखे हात फिरवले. रांगेतल्या बाया दुसरीकडे बघत उभ्या होत्या आणि गाडीतून कुणीतरी ओरडलं, "चला वो जल्दी, रोज हिच्यापायी खोळंबा."

मोनालीने खोलीच्या दारात मायला गाठलं. "माय, हिरवं होतं."

"दिसलं मला."

"मग कशाला?"

गिरिजाबाई पिशवीत डबा भरत होती. "लालवर गेले तं ठरलेलंच हाय. हिरव्यावर गेले तं म्हणतात, पोरगी वर बसती, तिनं सायबाला सांगून करून घेतलं. तूच दावून दिलं ना, माणूस लावतं तसं दिवा लागतो म्हून." तिने पिशवी खांद्याला लावली. "बाजूला सर, मला जागा धरायचीय."

ती गाडीत चढली. पुढच्या बाकावर दोघींच्या मध्ये जागा होती, ती ओलांडून मागे गेली.

शीतल हातावर पेनाने लिहिलेले नंबर मोजत होती. मोनालीच्या गळ्यातलं ऑफिसचं ओळखपत्र बघून तिने अदबीने विचारलं, "मॅडम, आज नऊच झाल्यात. ह्या मावशीची दहात धरायची का? धरली तं या गाडीतली आणखी एक काढावी लागणार न्हाई."

ड्रायव्हरने हॉर्न दिला. गाडीतल्या चाळीस बाया तिच्याकडे बघत होत्या.

"धरा," मोनाली म्हणाली.

शीतलने तळहातावर एकशे चौदा लिहिलं.